परत आलेली पाच खोकी

१

गुरुवारी सकाळी वजीहाबाई मदत समितीच्या खोलीचं कुलूप काढायला गेल्या आणि किल्ली हातातच राहिली. दाराशी खोकी होती. पुठ्ठ्याची, सुतळीनं बांधलेली, शाळेतली पोरं शिक्षेला उभी करावीत तशी भिंतीला लावून ओळीनं मांडलेली. पाच.

गाठ त्यांच्याच हातची होती. बुधवारी पहाटेच्या अजानीआधी त्यांनी आणि त्यांची मैत्रीण रस्मिया हिनं जॉर्डनमधल्या सल्तच्या डोंगरउतारावरच्या अकरा उंबऱ्यांवर अकरा खोकी ठेवली होती. तांदूळ, मसूर, साखर, तेल, वाळवलेल्या दह्याचा गोळा आणि एक जाड घोंगडी. दार वाजवायचं नाही, थांबायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. घेणाऱ्याला देणारा दिसू नये आणि शेजाऱ्याला दोघंही दिसू नयेत. गेली चौदा वर्षं असंच चाललं होतं. आणि चौदा वर्षांत एकही खोकं परत आलं नव्हतं.

बाईंनी खोकी आत ओढली आणि उघडली. एकात साखर नव्हती. ते अबू हमदान शिंप्याचं, त्याला मधुमेह. दुसऱ्यात बाळाच्या दुधाची पावडर होती. ते विधवा नजाहचं. बाकीची तीनही त्यांनी ओळखली. दाणा कमी झाला नव्हता. घोंगड्यांची घडी मोडली नव्हती, आणि बाहेर तर हौदाच्या कडेला बर्फ धरला होता.

या डोंगरावर माणूस उपाशी झोपेल, पण चूल पेटलेली दिसावी म्हणून रिकाम्या भांड्याखाली जाळ करील. अशांना इथं ‘मस्तूर’ म्हणतात, म्हणजे झाकलेले. त्या माणसानं खोकं परत केलं याचा अर्थ एकच. त्याला कळलं होतं की लोकांना कळलंय.

पण कळणार कसं? नावं कधीच कागदावर येत नसत. "नाव कागदावर आलं की कागदाला पाय फुटतात," असं रस्मिया म्हणे. नावं फक्त दोन डोक्यांत असत.

एक डोकं वजीहाबाईंचं. ते तर त्यांना ठाऊक होतं.

मग राहिलं दुसरं.

२

तीस वर्षं मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या बाईला गावात एक लौकिक असतो. खिडकीची काच कुणी फोडली, परीक्षेत कुणी कुणाचं बघून लिहिलं, हे वजीहाबाई पोरींना रांगेत उभं करून नुसतं बघून सांगत. निवृत्तीनंतर लोक हरवलेली अंगठी घेऊन, म्हणजे अंगठी हरवली म्हणून, त्यांच्याकडे येत. बाईंना त्याचा थोडा अभिमान होता. थोडा म्हणजे बराच.

त्यांनी खुर्ची ओढली आणि मंगळवार आठवायला घेतला. नावं शेवटची उच्चारली गेली ती मंगळवारी दुपारी, याच खोलीच्या मागच्या स्वयंपाकघरात. पद्धत ठरलेली होती. वाटपाच्या आदल्या दिवशी दोघींनी स्वयंपाकघरात जायचं, खिडकी लावायची, नळ मोठा सोडायचा म्हणजे पलीकडे ऐकू जात नाही, आणि नावं म्हणून घ्यायची. वरच्या पायऱ्यांची पाच घरं बाईंनी म्हणायची, खालच्या पायऱ्यांची सहा रस्मियानं. एकीनं म्हणायचं, दुसरीनं चुकलं तर धरायचं.

मंगळवारी बाईंचा कुराणपठणाचा वर्गही होता. नऊ बायका आपापल्या घरून कॉम्प्युटरवर जमत. बाई समितीच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून शिकवत. आधी तासभर उच्चार, मग दहा मिनिटं प्रत्येकीनं आपला माइक बंद करून आयती पाठ करायच्या. त्या दहा मिनिटांत बाई आत जाऊन पाणी पीत, गुडघे मोकळे करत. दोन वर्षांची सवय.

त्या दिवशी एक नवलाई मात्र होती. मुलानं, अयहमनं, दोहाहून बिनतारी इअरबड पाठवले होते. कॉम्प्युटरचा आवाज खोलीबाहेर गल्लीत जाई आणि येणारे-जाणारे पुरुष बायकांचं पठण ऐकत थबकत. ते बाईंना खपत नव्हतं. शिकवणीआधी त्यांनी स्वतःच ते जोडले. रस्मिया शेजारी मसूर निवडत बसली होती.

"ही डबी उघडी ठेवायची. मागचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबायचं. आता कॉम्प्युटरला सांगायचं, शोध. बघ, नावं आली."

"कुणाची नावं?" रस्मिया दचकली.

"आपली नव्हेत गं! आसपासच्या यंत्रांची. हा वरच्या इताफचा टीव्ही. हे कुणाचं तरी घड्याळ. आणि हे माझे." बाईंनी बोट टेकवलं. कानात एक बाई गोड आवाजात म्हणाली, जोडलं गेलं. बाईंनी इअरबडच्या खोक्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. "आसपासचा गोंगाट गाळून फक्त घालणाऱ्याचा आवाज पोचवतो."

"दोन फुटाण्यांचं एवढं कौतुक," रस्मिया म्हणाली. "आमच्या काळी कानात कापूस घालत. तोही बिनतारीच होता."

बाई हसल्या. एक फुटाणा डबीत ठेवला, एक कानात बसवला आणि हिजाब नीट केला.

हे सगळं आठवून बाईंनी मान हलवली. यात काहीच नव्हतं. खिडकी लावलेली होती, नळ सुरू होता, स्वयंपाकघरात दोघीच होत्या.

तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. अबू नायफ. बुधवारी पहाटे गाडी त्याचीच होती.

३

अबू नायफ आपल्या डबडा गाडीत हीटर लावून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. बाईंनी काच वाजवली. इथं माणसाला मुलाच्या नावानं हाक मारतात, बापाला अबू, आईला उम्म.

"उम्म अयहम! आज परत खोकी? आठवड्यात दोनदा पुण्य करायला लागलात, आमच्यासाठी काही उरू द्या की."

"खोकी परत आलीत. पाच."

त्याचं सोलणं थांबलं. "या खुदा."

"तू पहाटे काय बघितलंस?"

"मी? मी पायऱ्यांखाली गाडी उभी करतो, दिवे मालवतो आणि डोळे मिटतो. बायको म्हणते, एवढी एकच गोष्ट मी नीट करतो. शिवाय बघून करू काय? मला पायऱ्या ठाऊक. एकेका पायऱ्यांच्या वाटेवर ऐंशी दारं. तुम्ही दोघी कोणत्या दाराशी वाकलात ते तुमचे गुडघे जाणोत."

खरं होतं. सल्तमध्ये गाडी पायऱ्यांच्या तोंडाशी थांबते. पुढं फक्त पाय जातात.

"पण उम्म अयहम," तो बिया खिडकीबाहेर झटकत म्हणाला, "अकरा नेली ना? पाच परत आली. मग सहांनी का नाही परत केली? त्यांना लाज नाही की त्यांचं कुणाला कळलंच नाही?"

बाई गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. परत आलेली पाच त्यांनी मनातल्या मनात पुन्हा मोजली. अबू हमदान. नजाह. तो पाय गेलेला पेन्शनर. दोघी बहिणी. अजान देणाऱ्या मुअज्जिनाची सून.

पाचही घरं वरच्या पायऱ्यांची होती. पाचही बाईंच्या वाट्याची. रस्मियाच्या सहांपैकी एकालाही धक्का लागला नव्हता.

"काय झालं?" अबू नायफनं विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "गार वारा लागला."

४

अबू हमदाननं दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. या गावात दारात आलेल्याला आत या न म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. पूर्वी लग्नाचे कोट शिवून घ्यायला अम्मानहून लोक त्याच्याकडे येत. आता डोळ्यांत पांढरं आलं होतं, पण कोटाची तीनही बटणं लावलेली होती.

"मुदीरासाहेबा," तो म्हणाला. मुख्याध्यापिकेला तो अजून तसंच म्हणे. "माझं ओझं तुम्हाला मिळालं असेल."

"ते ओझं कुणाचं ते मला ठाऊक नाही, अबू हमदान. पण कुणी काही बोललं असेल तर—"

"बुधवारी संध्याकाळी माझ्या दाराशी सूपाचं भांडं आलं. मग दुसऱ्या घरातून भात. मग एक गरम पायजमा, धुतलेला, इस्त्रीचा. चौदा वर्षांत माझ्या घरी कुणी मुळाही पाठवला नव्हता. एका संध्याकाळी सगळ्यांच्या चुली माझ्यासाठी पेटल्या?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्या लेकीला एक जण म्हणाली, लाजू नको. मग काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, तुझ्या बापाचे डोळे गेले तरी ऐट गेली नाही, असं लोक कौतुकानंच म्हणतात."

ते वाक्य त्यांचं होतं. अगदी शब्दन् शब्द. मंगळवारी नळाच्या आवाजात त्या म्हणाल्या होत्या, "अबू हमदानचं खोकं उंबऱ्याच्या आत सरकव. डोळे गेले तरी ऐट गेली नाही त्याची." आणि रस्मिया चिडून म्हणाली होती, "जीभ आवर. त्यानं माझ्या लग्नाचा झगा शिवलाय."

"कोण म्हणाली हे?" बाईंनी विचारलं.

"ते विचारून काय करू? मी एवढंच विचारलं की रस्मियाच्या झग्याचं काही निघालं का. लेक म्हणाली, नाही. कुणी माझं नाव घेतलं की रस्मिया त्या झग्याची गोष्ट काढतेच." तो कडवट हसला. "म्हणजे नाव निघालं तेव्हा ती तिथं नसावी. किंवा असून गप्प बसली असेल. देव तिचं भलं करो."

त्यानं दार लावलं. जोरात नव्हे, हळूच, माणूस झोपलेल्या घराचं लावतात तसं.

बाई पायऱ्या उतरल्या. वाक्य ऐकलं होतं एकाच माणसानं. त्याच माणसानं आपलं उत्तर तेवढं गाळून बाकी गावभर पसरवलं होतं. हुशार आहे रस्मिया, त्यांना वाटलं. आपली सहा झाकली, माझी पाच उघडी केली. स्वतःचे शब्दही मागं ठेवले नाहीत.

पण का?

५

इताफ समितीच्या वरच्या मजल्यावर राही. तिची गॅलरी स्वयंपाकघराच्या खिडकीवर येत होती. शिवाय ती वर्गातलीही होती, बाईंना मानानं हज्जा म्हणणारी. म्हणून बाई नेमानं तिच्याकडेही गेल्या. तपास करायचा तर पुरता करावा.

इताफनं दार उघडलं आणि बाईंना बघून तिच्या हातातली पळी खाली पडली.

"हज्जा! तुम्ही? बसा ना. म्हणजे, इथं नको, तिथं बसा. चहा? ऋषीपर्णीचा पाला घालून?"

"काही नको, पोरी. मंगळवारी दुपारी तू गॅलरीत होतीस?"

"नाही! वर्गात होते ना मी. कॉम्प्युटरसमोर. तुमच्यासमोर. म्हणजे तुम्ही नव्हता तेव्हाही." ती पळी धुवायला वळली आणि पाच मिनिटं तीच पळी धूत राहिली.

"खालून काही ऐकू आलं? आमचं बोलणं?"

"खालून? नाही, खुदाशपथ, खालून काहीच नाही. खिडकी बंद होती."

हे ती इतक्या ठामपणे म्हणाली की बाईंना तिचा खरेपणा पटला. पण मान वर होत नव्हती. शाळेत अशी मान ज्या पोरीची होई, तिला बाई सरळ बाजूला उभं करत.

"मग तू माझ्याकडे का बघत नाहीस?"

इताफच्या डोळ्यांत पाणी आलं. "हज्जा, मंगळवारी तुमचा आवाज... जरा विहिरीतून आल्यासारखा येत होता. एवढंच. यंत्राचं काही असेल. तुम्ही आमच्या गुरू आहात. तुमच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. कुणीच कुणाला काही बोललं नाही. फक्त जिला वाटलं तिनं सूप केलं."

"सूप?"

"काही नाही. माझं दूध उतू जातंय." दूध चुलीवर नव्हतंच.

बाई उठल्या. वर्गातल्या बायकांनीच सूप पाठवलं होतं तर. म्हणजे रस्मियानं बातमी फोडली ती या नऊ जणींकडे. आणि आता या पोरी म्हातारीला पाठीशी घालत होत्या. बाईंना राग आला, आणि रागासोबत थोडं समाधानही. कोडं सुटलं होतं.

६

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर रस्मिया नेहमीसारखी आली. दारात अबू नायफ तेलाचे डबे उतरवत होता. इताफ जिन्यावर उभी होती.

"कालपासून कुलूप काय, गं?" रस्मिया धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं मेलीस."

"पाच खोकी परत आली," बाई म्हणाल्या. "पाचही माझी. तुझ्या सहांपैकी एक नाही. अबू हमदानला माझं वाक्य कळलंय. ते मी एकट्या तुझ्याशी बोलले होते."

रस्मियाचा श्वास खाली बसायला वेळ लागला. "परत आली?" ती म्हणाली. "नजाहचंही? बाळाच्या दुधासकट?"

"नजाहचं तू आता विचारतेस? कुणाकुणाला सांगितलंस ते सांग."

"वजीहा, लोक आहेत."

"असू देत. तू नाही ना केलंस? मग कुराणावर हात ठेव आणि म्हण."

अबू नायफनं डबा खाली ठेवला. इताफच्या तोंडून एक आवाज निघाला आणि तिनं तोंडावर हात धरला. वीस वर्षांच्या मैत्रिणीला लोकांसमोर शपथेला उभं करायचं, म्हणजे तिचा शब्द आता मातीमोल झाला असं सांगायचं. हे बाईंना कळत नव्हतं असं नाही.

रस्मिया त्यांच्याकडे बघत राहिली. मग जिन्याकडे बघितलं. मग अबू नायफकडे. मग परत बाईंकडे.

"मी शपथ घेणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"नाही घेणार. एवढंच."

तिनं गळ्यातल्या दोरीतून खोलीची किल्ली काढली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि पायऱ्या उतरली. तिचे गुडघे दुखत. पण तिनं कठड्याला हात लावला नाही.

"संपलं," बाई म्हणाल्या. "खरी असती तर शपथ घेतली असती."

अबू नायफनं उतरवलेले डबे परत गाडीत चढवायला घेतले, मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन पुन्हा उतरवले.

७

शनिवारी वर्ग होता. बाईंनी डबी उघडली. या वेळी कॉम्प्युटरला काही सांगावंही लागलं नाही. त्यानं इअरबड आपणहून ओळखला आणि कानात गोड आवाज आला, जोडलं गेलं. नऊ नावं पडद्यावर जमली. पठणात जीव नव्हता. बायका चुकत होत्या, बाई सुधारत नव्हत्या.

"माइक बंद करा," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं पाठ करा." आणि सवयीनं उठून स्वयंपाकघरात गेल्या. पाणी प्यायला भांडं तोंडाला लावलं.

कुकरची शिट्टी झाली.

बाई चुलीकडे वळल्या. चूल गार होती. कुकर तर समितीत नव्हताच. दुसरी शिट्टी झाली आणि एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "अरे देवा, हा माइक राहिला सुरू." इताफ. अगदी कानाशी.

मग शांत झालं. इताफनं माइक बंद केला होता.

बाईंनी भांडं हळूच खाली ठेवलं. हात हिजाबाखाली गेला. कानात फुटाणा होता. तो कानात आहे हे त्या विसरल्या होत्या. हिजाबाखाली काय आहे हे दुसऱ्याला दिसत नाही, पण रोजच्या सवयीनं घालणारीलाही ते आठवत नाही. इथल्या अर्ध्या बायका फोन हिजाबात खोचून भांडी घासतात आणि फोन शोधत घरभर फिरतात.

भिंतीपलीकडल्या कॉम्प्युटरचा आवाज इथवर आला होता. मग इथला आवाज?

त्यांचं डोकं आता नको असताना चालू लागलं. मंगळवारी नावं म्हणायला त्या उठल्या त्या याच दहा मिनिटांत. बायकांचे माइक त्यांनीच बंद करवले होते, म्हणून कानात काही आलं नाही. त्यांचा स्वतःचा मात्र सुरू होता. दोन वर्षं त्या तसाच सोडून उठत, कारण कॉम्प्युटरचा माइक टेबलावरच राही. मंगळवारी तो पहिल्यांदा त्यांच्याबरोबर उठून आत आला. आसपासचा गोंगाट गाळतो. म्हणजे नळ गाळला. मोरीजवळ उभी असलेली रस्मिया गाळली, तिची सहा नावं गाळली, तिच्या लग्नाचा झगा गाळला. फक्त घालणाऱ्याचा आवाज पोचवतो, विहिरीतून आल्यासारखा. पाच नावं. डोळे गेले तरी ऐट गेली नाही.

अजून त्यांना वाटत होतं की आपण चुकत असू. चुकत असू तर बरं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि अगदी हळू, स्वतःशी बोलावं तशा म्हणाल्या,

"जिला माझं ऐकू येतंय, तिनं हात वर करावा."

पाय ओढत त्या बाहेर आल्या. पडद्यावर एका नावाशेजारी एक छोटा पिवळा हात होता. बघता बघता दुसरा. तिसरा. तीस वर्षं त्यांनी पोरींना हात वर करायला शिकवलं होतं. नववा हात यायला वेळ लागला. तो इताफचा होता.

"का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

मग इताफ म्हणाली, "पहिलं नाव ऐकलं तेव्हा कळलंच नाही काय ऐकतोय. कळलं तेव्हा तीन झाली होती. मध्येच 'हज्जा, ऐकू येतंय' म्हणायचं, तर तुम्हाला काय वाटेल? आणि मग ऐकून झालं होतं. ऐकलेलं परत कसं करायचं? गरम जेवण पाठवलं की पाप फिटेल असं वाटलं. आम्ही एकमेकींनाही सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटलं, मी एकटीच सूप करतेय."

"आणि ऐटीचं वाक्य?"

"मी म्हटलं. त्याच्या लेकीला धीर यावा म्हणून." ती रडू लागली. "शुक्रवारी जिन्यावर बोलायला हवं होतं. माझे पाय हलेनात."

बाईंनी इअरबड काढून डबीत ठेवला. कानात गोड आवाज आला नाही. आता वर्गाचे सगळे आवाज कॉम्प्युटरमधून मोठ्यानं खोलीत येऊ लागले, रडणं आणि नाक ओढणं, आणि खिडकीतून गल्लीत गेले. बाईंनी ते जाऊ दिले.

"उद्या दहा वाजता," त्या म्हणाल्या, "खालच्या पायऱ्यांच्या तोंडाशी. नऊच्या नऊ जणी. आरोप मी लोकांसमोर केला, तर माफी एकटीनं जाऊन मागता येणार नाही."

८

खून झाला, मुलगी मागायची असली, अब्रू गेली, की इथले पुरुष मोठ्या माणसांना घेऊन समोरच्याच्या दारी जातात. त्याला जाहा म्हणतात. यजमान कॉफी देतो, पुढारी कप न पिता खाली ठेवतो आणि मागणी मान्य झाल्यावरच उचलतो. बायकांची जाहा कुणी बघितली नव्हती. म्हणून त्या दहा जणी पायऱ्या चढू लागल्या तेव्हा खिडक्या उघडल्या. बाईंना वाटलं, उघडू देत. सगळ्या उघडू देत.

रस्मियानं दार उघडलं. "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग आत या. दारात गारठून मरायचं असलं तर माझ्या दारात नको."

एवढ्या बायकांना खोली पुरली नाही. दोघी उंबऱ्यावरच बसल्या. रस्मियानं न बोलता वेलचीची कडू कॉफी केली आणि पहिला कप बाईंना दिला. बाईंनी तो समोर जमिनीवर ठेवला.

रस्मियानं कपाकडे बघितलं.

"उचल ते. जमिनीवर काय मुंग्यांसाठी ठेवतेस?"

"आधी ऐक," बाई म्हणाल्या. त्यांनी सगळं सांगितलं. फुटाणा, भिंत, नऊ हात. शब्द जागच्या जागी अडकत होते. "नावं मी फोडली. माझ्या तोंडानं. आणि वीस वर्षांचं माणूस मी लोकांसमोर शपथेला उभं केलं. मला वाटलं मी शोधून काढतेय. मी फक्त स्वतःला सोडून सगळ्यांकडे बघत होते. यांच्यासमोर सांगते, चोर मी होते. तू माफ केलंस तर उचलीन. नाही तर राहू दे इथंच."

रस्मियानं हातातल्या फडक्याची घडी घातली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू होतीस ते. फुटाण्याचं नाही ठाऊक, ते तुझं तू बघ. पण नावं दोघींनाच ठाऊक. माझ्या तोंडून गेली नव्हती. मला लिहिता-वाचता येत नाही, वजीहा, पण दोनातून एक वजा झाला की कोण उरतं एवढं येतं."

"मग शपथ का नाही घेतलीस? तुला तर काही भीती नव्हती."

"माझ्या शपथेची मला कसली भीती? जिन्यावर ही पोरगी उभी. दारात नायफचा बाप उभा. मी कुराणावर हात ठेवला असता, तर माझ्यावरून हटलेले ते डोळे कुठं गेले असते?" तिनं फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तुला सोसलं नसतं ते. मी दाई होते. तीनशे घरांच्या भानगडी गिळून बसले आहे. आणखी एक गिळली."

बाहेर कुणाची तरी खिडकी लागली.

"माफ केलं," रस्मिया म्हणाली. "पण अबू हमदानच्या दाराशी मी येणार नाही. या नऊ जणीही नाहीत. तिथं तू एकटीनं जायचं. त्यानं आत घेतलं नाही तर दुसऱ्या दिवशी जायचं. आणि तिसऱ्या. नजाहचंही तसंच. बाळ तिथं दुधाशिवाय आहे."

"जाईन."

"मग पी. पार गार झाली, पण पी."

बाईंनी कप उचलला. एका घोटात प्यायला गेल्या आणि अर्धी कॉफी हिजाबावर सांडली, हनुवटीवरून ओघळली. त्यांनी पुसली नाही.

नऊही जणी त्याच क्षणी खिडकीबाहेर काहीतरी बघू लागल्या.